हरणाचं सोडा, टार्गेटचं बघा

पहिली रायफल कोणती घ्यावी या प्रश्नावर, बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात हरणं आहेत, मग थेट .२२ ची गोळीवाली रायफलच घ्या, असं एकांनी सुचवलंय. हरणाचा विषय डोक्यातून काढाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद आहे, आणि तिथल्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला बंदूक घेऊन फिरलात तर फॉरेस्टवाले कशाला सोडतील? 'कोडगूत चालतं की' हेही अर्धवट. तिथे कोडवांना, म्हणजे तिथल्या स्थानिक समाजाला, आणि जम्मा या जुन्या वंशपरंपरागत जमिनी असणाऱ्यांना सूट आहे ती बंदुकीच्या लायसनची, शिकारीची नव्हे.

.१७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटरचे छरे हवेच्या दाबाने मारणारी, एअर रायफल घ्या म्हणणारे बरोबर आहेत. ताकद २० जूलच्या आत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लायसन लागत नाही. पण रायफलवर लावायच्या दुर्बिणीबद्दल कुणीच बोललं नाही. दुकानदार ती हमखास गळ्यात मारतो, आणि १० मीटरच्या स्पर्धेत ती चालतच नाही! तिथे नेम धरायला रायफलवर मागे बारीक भोकाची पीप साइट लावतात. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छरा साडेचारचा, इतकं बारीक काम आहे. तेव्हा पैसे घालायचे तर साइटवर घाला. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, तोही अंगाला बसतो का बघा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. मान न वाकवता नजर सरळ भोकातून गेली पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या पोराला मोठ्यांची रायफल दिली की तो मागे रेलूनच उभा राहतो, नंतर ती सवय सुटता सुटत नाही. आणि हो, स्प्रिंगवाली असेल तर दुकानात छऱ्याशिवाय चाप ओढू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो.