ओकलंडच्या नकाशात पहिला थांबा कुणाचा?

अटलांटाकर :

नाशिकहून मेव्हणा सहकुटुंब आलाय. मत्स्यालय झालं, कोकाकोलाचं संग्रहालय झालं, म्हणून शनिवारी त्यांना इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या अटलांटाच्या, ओकलंड सिमेट्रीत नेलं. बायको म्हणाली, "पाहुण्यांना स्मशान काय दाखवतोस?" पण ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, ते बागेसारखंच आहे. १८५० साली सहा एकरांवर सुरू झालं, आता ४८ एकर आहे. ओक, मॅग्नोलिया, विटांच्या पायवाटा, आणि खाली सुमारे ७० हजार माणसं.

मेव्हण्याने नकाशा हातात घेतला आणि यादीप्रमाणे निघाला. 'गॉन विथ द विंड' लिहिणाऱ्या मार्गारेट मिचेलची कबर शोधताना आम्ही दोनदा तिच्यावरूनच पुढे गेलो. दगडावर मोठ्या अक्षरात 'मार्श' आहे, नवऱ्याचं आडनाव. बॉबी जोन्सच्या कबरीवर गोल्फचे चेंडू पडलेले. भाच्याने मोजले, तेवीस. (एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा, १९३० साली, तोही हौशी खेळाडू म्हणून.) मग गायक केनी रॉजर्स. मग दारापाशीच आपल्या समाधीच्या माथ्यावर खुर्ची टाकून बसलेले जास्पर न्यूटन स्मिथ. यांच्या पुतळ्याला टाय नाही. म्हणतात की शिल्पकाराने आधी टाय कोरला होता आणि तो काढेपर्यंत स्मिथसाहेबांनी पैसे दिले नाहीत. मेव्हण्याला हा माणूस सर्वांत आवडला.

उतारावरून खाली आलो तर बऱ्याच भागात नुसतं गवत. मेव्हणा म्हणाला, "इथे काही नाही वाटतं, चला." तो कृष्णवर्णीयांचा विभाग होता. तिथे १२ हजारांवर माणसं आहेत. बहुतेकांच्या डोक्याशी लाकडी फळ्या होत्या, त्या कुजून गेल्या. अलीकडे जमिनीत रडार सोडून शोध घेतला तेव्हा ८७२ निनावी कबरी सापडल्या.

ही माणसंही सगळी पहिल्यापासून तिथे नव्हती. १८५२ मध्ये नगर परिषदेने कृष्णवर्णीयांना वेगळा तुकडा दिला, त्याचं नाव 'स्लेव्ह स्क्वेअर'. पुढे गोऱ्यांना जागा कमी पडू लागली, तेव्हा १८७७ मध्ये तिथले मृतदेह उकरून दुसरीकडे हलवले. मोकळ्या झालेल्या जागेत आज छान संगमरवर आहे.

माझं म्हणणं एवढंच. 'प्रसिद्ध व्यक्तींच्या कबरी' ही यादी म्हणजे मुळात कुणाला दगड परवडला याची यादी आहे. दौऱ्याचा पहिला थांबा ते गवत असावं, मिचेलबाई दहाव्या आल्या तरी चालेल. तुम्हाला काय वाटतं?

हुकमी_एक्का :

लिहिलंय छान, पण पूर्ण असहमत.

दगड परवडला म्हणून कुणी प्रसिद्ध होत नाही. तिथे ज्यांचे संगमरवरी मनोरे आहेत त्यातल्या दहांची नावं सांगा बघू. मी जवळच राहतो, मला तीन येतात. बॉबी जोन्सची कबर तर किती साधी आहे! लोक चेंडू ठेवतात ते त्याच्या खेळासाठी, दगडासाठी नाही.

आता पैशाचं. ही दफनभूमी मोडकळीला आली होती. १९७६ मध्ये सांभाळण्यासाठी संस्था स्थापन झाली. २००८ च्या मार्चमध्ये टोर्नेडोने झाडं आणि दगड आडवे केले, ते पुन्हा उभे करावे लागले. हा पैसा कुठून येतो? लोक येतात, सहली घेतात, देणग्या देतात. आणि लोक येतात ते मिचेल आणि जोन्ससाठी. तुम्ही म्हणता ते रडारसुद्धा फुकट चालत नाही. पहिला थांबा गवत ठेवाल तर तुमच्या मेव्हण्यासारखे पाहुणे पाच मिनिटांत 'चला' म्हणतील. तो म्हणालाच ना?

नीलकांती :

अटलांटाकर, मुद्दा पटला, पण तुम्हीही मेव्हण्यासारखंच केलंत. गवत पाहिलंत आणि गवताबद्दलच लिहिलंत. त्या विभागात नाव असलेली माणसंही आहेत.

कॅरी स्टील लोगन. जन्म गुलामगिरीत. रेल्वे स्टेशनवर काम करायची, तिथे टाकून दिलेली मुलं तिला दिसायची, ती घरी आणू लागली. स्वतःची जीवनकहाणी छापून विकली, राहतं घर विकलं, आणि १८८८ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी अनाथालय काढलं. तिच्या नावाची संस्था अजून चालू आहे. बिशप वेस्ली गेन्सही तिथेच, मॉरिस ब्राउन कॉलेजच्या संस्थापकांपैकी. अँटॉइन ग्रेव्ह्ज जमिनीच्या व्यवहारात नाव काढलेला माणूस. त्या अख्ख्या विभागात छप्पर असलेली समाधी त्याच्या एकट्याच्या घराण्याची.

म्हणजे प्रसिद्ध माणसं दोन्हीकडे आहेत. पोस्टकार्डावर एकाच बाजूची छापली गेली.

जुनं_खोड :

इथे सगळे सिंहाबद्दल गप्प कसे?

मी १९९० च्या सुमारास पहिल्यांदा ओकलंड पाहिलं तेव्हा कॉन्फेडरेट सैनिकांच्या भागात संगमरवरी सिंह होता. जखमी, डोळे मिटत आलेला, पंजा झेंड्यावर. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या निनावी सैनिकांसाठी तो १८९४ मध्ये बसवला होता. त्या भागात सुमारे सात हजार सैनिक आहेत, पैकी तीन हजारांच्या आसपास बेनाव. बायकांच्या स्मारक समितीने पैसे जमवून तो करून घेतला. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला खडकात कोरलेला मरणारा सिंह आहे, त्यावरून बेतलेला.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तो उचलून नेला. का, तर लोक त्याला रंग फासत होते. चौकातले जनरलांचे पुतळे काढले, समजू शकतो. चौक सगळ्यांचा असतो. पण ही तर दफनभूमी. ज्यांच्या आईबापांना पोराची हाडं कुठे आहेत तेही कळलं नाही, त्यांच्या उशाशी तो होता. तुम्ही एकीकडे म्हणता निनावी कबरींना मान द्या. मग हे तीन हजार निनावी नाहीत का? गवताखालच्या बेनावांना एक न्याय आणि यांना दुसरा?

नीलकांती :

जुनं खोड काका, प्रश्न चोख आहे, पण साल बघा. युद्ध १८६५ ला संपलं. सिंह आला १८९४ मध्ये, जवळपास ३० वर्षांनी. तोपर्यंत मूठमाती, रडणं, सगळं होऊन गेलं होतं. निनावींच्या आठवणीसाठी म्हणाल तर ६५ फुटी ग्रॅनाइटचा स्तंभ तिथे १८७४ पासून आहे, तो कुणी हलवलेला नाही. सैनिकांचे दगडही जागच्या जागी आहेत. १८९० च्या दशकात दक्षिणेत घडत काय होतं? कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणं, रेल्वेचे डबे वेगळे करणं. त्या हवेत कोरलेला सिंह आणि त्याच्या अंगाखाली गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांचा तोच झेंडा. ते नुसतं शोकचिन्ह नव्हतं.

आणि तो चिडून फोडलेला नाही. नगर परिषदेने ठराव करून हलवला.

जुनं_खोड :

३० वर्षांनी बांधलं म्हणून शोक खोटा? आपल्याकडे पुण्यतिथ्या १०० वर्षांनीही होतात. स्तंभाचं तुमचं म्हणणं मान्य. सिंहाचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा :

भारतातून वाचतोय, अटलांटा पाहिलेलं नाही. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

एक. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली ती अमेरिकेच्या लोकांना, त्यांनी गुलामी मोडली म्हणून. वर अटलांटाकरांनी दिलेलं साल बघा, १८७७. पुण्यातला माणूस अमेरिकेला हात जोडत होता आणि चारच वर्षांनी अटलांटात गुलामांची हाडं उकरून बाजूला सारली जात होती. मी हे जोतीरावांच्या विरोधात म्हणत नाही. त्यांनी कायद्याचं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. पण कायदा स्मशानापर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

दोन. आमच्या गावात अजून दोन स्मशानं आहेत. एकाला पत्र्याचं शेड, बसायला ओटा, हातपंप. दुसरं नाल्यापलीकडे, तिथे काही नाही. मागच्या जुलैत शेजारच्या आजींना नेलं तेव्हा चार जणांनी ताडपत्रीचे कोपरे धरले होते आणि पाचवा रॉकेल ओतत होता. लाकूड ओलं. तीन वेळा विझलं. त्यामुळे अमेरिकेतल्या गवतावर मराठी माणूस हळहळतो तेव्हा मला थोडी गंमत वाटते. ह. घ्या.

अटलांटाकर :

वऱ्हाडी, हलकं कसं घेणार. माझ्या आजोळी काय व्यवस्था आहे हे मी आयुष्यात कधी विचारलेलं नाही. या रविवारी मामाला फोन करतो.

हुकमी_एक्का, पैशाचा मुद्दा खोडता येत नाही, खोडत नाही. पण एकट्या मिचेलबाईंमुळेच लोक येतात, हे नाही पटत. आमची वाट त्यांच्याच कबरीपाशी दोनदा चुकली!

हुकमी_एक्का :

मिचेलबाईंना दहावा नंबर देण्याआधी हे ऐका. 'गॉन विथ द विंड' मध्ये गुलामगिरीचं चित्र गुळमुळीत आहे, मान्य. पण त्याच बाईंनी १९४० च्या दशकात मोरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांच्या मार्फत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी पैसे दिले. नाव कुठेही येऊ दिलं नाही. १९४९ मध्ये पीचट्री स्ट्रीट ओलांडताना गाडीने उडवलं आणि त्या गेल्या, तरी ही गोष्ट खूप वर्षं बाहेर आली नाही. त्यांच्या कबरीपाशी उभं राहून हेही सांगता येतं की.

नीलकांती :

सांगा ना. त्याच दमात हेही सांगा, की त्या पुस्तकावरच्या चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात झाला आणि त्यात मॅमी या गुलाम दाईचं काम केलेली कृष्णवर्णीय नटी हॅटी मॅकडॅनियल त्याला येऊ शकली नाही, वर्णभेदाच्या कायद्यामुळे. त्या निमित्तच्या मेजवानीत चर्चच्या मुलांना गुलामांचे कपडे घालून गायला उभं केलं होतं. त्यातला एक दहा वर्षांचा मुलगा मार्टिन ल्यूथर किंग.

हॅटीला ऑस्कर मिळालं. १९५२ मध्ये ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावं ही तिची इच्छा होती. ती जागा फक्त गोऱ्यांसाठी, म्हणून नकार. कॅलिफोर्नियात, बरं का.

अटलांटाकर :

किंगचं नाव निघालंच आहे तर राहिलेलं सांगतो. ओकलंडमध्ये मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून अटलांटातल्या कृष्णवर्णीयांनी १८८६ मध्ये स्वतःची दफनभूमी काढली, साऊथ व्ह्यू. १९६८ मध्ये किंग यांना आधी तिथेच पुरलं, नंतर त्यांची कबर ऑबर्न अॅव्हेन्यूला हलवली. नागरी हक्कांच्या चळवळीतले जॉन लुईस आणि बेसबॉलवाले हँक आरन आजही साऊथ व्ह्यूमध्ये आहेत. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन मात्र २००३ मध्ये ओकलंडलाच, तेही जुन्या कृष्णवर्णीय विभागाबाहेर, तोंड समोरच्या उंच इमारतींकडे. विमानतळाच्या नावातले जॅक्सन ते हेच. मेव्हणा दोन आठवड्यांपूर्वी तिथेच उतरला होता.

त्यामुळे माझा हट्ट थोडा बदलतो. पहिला थांबा जॅक्सन, मग सरळ खाली उतार. मिचेलबाई चौथ्या. एक्का, चालेल?

हुकमी_एक्का :

तिसऱ्या. आणि जोन्स दुसरा. याखाली उतरणार नाही.

जुनं_खोड :

आणि सिंहाची रिकामी जागा?

नीलकांती :

ती उतरताना वाटेत दाखवू. तिथे काय होतं आणि का नाही, दोन्ही सांगायचं. पहिलं तुम्ही सांगा, दुसरं मी.

जुनं_खोड :

ठरलं. पण सकाळी लवकर, मला ऊन सोसत नाही.

चिमणराव_नव्हे :

एवढी चर्चा झाली, पण गाडी कुठे लावायची हे कुणीच सांगितलं नाही.

अटलांटाकर :

गाडी आणूच नका. मार्टाने, म्हणजे शहराच्या मेट्रोने, किंग मेमोरियल स्टेशनला उतरा, तिथून थोडंच चालायचं. टोपी आणि पाणी घ्या. गोल्फचा चेंडू आणायचा असेल तर आणा, भाचा परत मोजणार आहे.