मदत हवी आहे: केमो चालू असताना हळदीच्या कॅप्सूल चालतात का?

मावशीला अंडाशयाचा कॅन्सर आहे, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं सुरू आहेत. नात्यातल्या एका काकांनी कर्क्युमिनच्या (हळदीतला मुख्य घटक) कॅप्सूल आणून दिल्यात, वर "केमिकलपेक्षा झाडपाला बरा" हेही ऐकवलं. आता पॅक्लिटॅक्सेल तरी कुठून आलं? पॅसिफिक यू झाडाच्या सालीतूनच की! अमेरिकेत १९९२ साली ते याच कॅन्सरसाठी मंजूर झालं. असो.

माझी काळजी वेगळी आहे. नुसतं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं, म्हणून या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घातलंय. ते यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सना अडवू शकतं, आणि पॅक्लिटॅक्सेलही तिथेच मोडतं. भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल विचारत नाहीये. तोवर कॅप्सूल बंदच ठेवल्यात. सोमवारी ऑन्कॉलॉजिस्टना भेटायचंय. कोणी हे आधी विचारलंय का, आणि काकांना न दुखावता कसं सांगितलंत?