घरगुती बेकिंग, परसबाग आणि विक्रीचे नियम

प्रश्न

गेली दोन वर्षे मी घरच्या ओव्हनमध्ये पाव, बिस्किटे आणि केक करते आहे. कुंड्यांत पुदिना, रोझमेरी आणि केकवर लावण्यासाठी काही फुलेही वाढवली आहेत. आता ओळखीच्या लोकांकडून पैसे घेऊन ऑर्डर स्वीकारण्याचा विचार आहे. परवान्याच्या दृष्टीने सुरुवात कोठून करावी, आणि बागेतली पाने-फुले विक्रीच्या पदार्थांत वापरावीत का? शक्य तितके कमी वाया जावे, अशी मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद १

पैसे घेतले की ग्राहक ओळखीचा असला तरी आपण अन्नव्यावसायिक ठरतो, त्यामुळे पहिल्या ऑर्डरीपूर्वीच आपल्या भागातील अन्नसुरक्षा कार्यालयात चौकशी करावी. घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमतीही घ्यावी.

नियम जागोजागी वेगळे असले, तरी त्यांमागचा मुख्य प्रश्न असा असतो की पदार्थात जिवाणूंना वाढण्याइतके मोकळे पाणी आहे का. हे प्रमाण, म्हणजे जलक्रियाशीलता, ०.८५ पेक्षा कमी असेल तर रोगकारक जिवाणू सहसा वाढत नाहीत. म्हणूनच कोरड्या बिस्किटांना घरगुती परवानगी मिळणे तुलनेने सोपे असते आणि ताजे क्रीम, कस्टर्ड किंवा चीज भरलेल्या पदार्थांसाठी अटी कडक असतात. आपण कोरड्या पदार्थांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेबलवर गहू, दूध, अंडी, सुका मेवा, तीळ हे ॲलर्जीकारक घटक ठळक लिहावेत. ज्या स्वयंपाकघरात गव्हाचे पीठ उडते, तेथील पदार्थाला ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणू नये. तो दावा एखाद्याच्या प्रकृतीवर बेतू शकतो.

प्रतिसाद २

फुलांबाबत विशेष सावध राहावे. कण्हेर, धोतरा आणि कळलावी विषारी आहेत, आणि त्यांची फुले नुसती सजावटीसाठीही केकवर ठेवू नयेत. रोपवाटिकेतून शोभेसाठी आणलेल्या रोपांवर आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषली जाणारी) कीटकनाशके वापरलेली असू शकतात, म्हणून खाण्याची फुले बियांपासून स्वतः वाढवलेली बरी. ‘सेंद्रिय’ हा शब्द अनेक ठिकाणी प्रमाणपत्राशिवाय लेबलवर वापरता येत नाही. त्याऐवजी ‘घरच्या बागेतील पुदिना’ एवढेच लिहावे.

ताजे शेणखत घालत असाल, तर मातीला टेकणाऱ्या पानांची काढणी त्यानंतर किमान १२० दिवसांनी करावी.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. पावासोबत लसूण आणि रोझमेरी घातलेल्या तेलाची छोटी बाटली देण्याचे ठरवले होते. ते चालेल का?

प्रतिसाद १

कृपया देऊ नका. ताज्या लसणावर किंवा पानांवर मातीतून आलेले बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलात बुडाल्यावर हवा मिळत नाही, सामू (पीएच) ४.६ च्या वर, म्हणजे आम्लता कमी असते, आणि बाहेर ठेवलेल्या बाटलीत अशा वेळी ते रुजून विष तयार करू शकतात. तेलाचा वास किंवा रंग बदलेलच असे नाही. रोझमेरी पिठातच मळावी.

प्रतिसाद ३

वाया जाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सांगतो. ओव्हन एकदा तापला की उतरत्या तापमानाने काम करावे: आधी २३० अंश सेल्सिअसला पाव, मग १७५ च्या आसपास केक, आणि ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या उबेत पावाच्या चुऱ्यासाठी शिळे तुकडे वाळवावेत. असा चुरा करणे हे पाव कंपोस्ट खताच्या ढिगात टाकण्यापेक्षा केव्हाही चांगले, कारण पावाने उंदीर येतात आणि लोण्याचे पदार्थ ढिगातली हवा अडवतात. थोडा पाव टाकावाच लागला, तर तो मधोमध पुरून त्यावर भरपूर कोरडी पाने घालावीत. ढिगातील कर्ब (कार्बन) आणि नत्राचे (नायट्रोजनचे) प्रमाण साधारण ३० ला १ राहिले, तर दुर्गंधी येत नाही. अंड्यांची टरफले बारीक कुटून टाकावीत, अन्यथा ती वर्षानुवर्षे तशीच दिसतात. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर मात्र खतात घालू नये.