राक्षस मारणाऱ्या अर्ध्या देवदूतांची पुस्तकं पोरींनी वाचली तर बिघडलं काय?

लातूरची मावशी
माझी भाची नीटच्या तयारीसाठी माझ्याकडं राहायली, अकरावीत आहे. सकाळी सहाला क्लासला जाती ते रात्रीच येती, आणि झोपायच्या आधी अर्धा तास मोबाईलवर 'सिटी ऑफ बोन्स' वाचती. रविवारी दाजी भेटायला आले, त्यांनी बघितलं आणि भुताखेताचं काय वाचायलीस म्हणून फोनच काढून घेतला. मला ते अजिबात पटलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कॅसांड्रा क्लेअरचं 2007 चं पुस्तक आहे, सहा भागांतलं पहिलं, न्यूयॉर्कमधली पंधरा वर्षांची क्लेरी, तिची आई एकाएकी गायब होती आणि मग तिला कळतं की आपण साध्या माणसांतल्या नाही, राझिएल देवदूताच्या रक्तातून जे शिकारी झाले त्यांच्या कुळातल्या आहोत. हे लोक अंगावर खुणा काढून ताकद मिळवतात आणि राक्षस मारतात. मी पण तिच्यासोबत वाचून काढलं. मला तर त्यात पोरीचा आईसाठी तुटणारा जीवच दिसला, घर सोडून राहणाऱ्या पोरीला ते जवळचं वाटणारच ना.

परभणीचे मास्तर
ताई, राग मानू नका पण मी दाजींच्या बाजूनं. जन्मभर खेड्यातल्या शाळेत शिकवलं. पोराला फिट आली की आधी देवऋषी, मग दवाखाना, हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि त्यात एक पोरगं माझ्या वर्गातलं गेलं. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला, त्याच वर्षी जादूटोण्याविरुद्ध कायदा आला, पण गावातली भीती कायद्यानं जात नाही. आणि आपण पोरांच्या हातात काय द्यायचं, तर राक्षस आपल्यातच फिरतात फक्त दिसत नाहीत! न्यूयॉर्कच्या पोराला ती गोष्ट वाटत असंल, आमच्याकडच्याला ती शेजारच्या गल्लीतली वाटती.

नांदेडची वाचक
सर, तुमच्या विद्यार्थ्याचं वाचून वाईट वाटलं. पण पुस्तकाचा त्यात काय दोष? देवऋषी पैसे घेतो आणि हे खरंच आहे म्हणून सांगतो, लेखिका कादंबरी आहे असंच सांगून विकती. मी सातवीपासून नारायण धारप वाचायले, रात्री अंगणात जायला भ्यायचे, पण घरात आजारी पडलं कुणी तर दवाखान्यातच चला म्हणणारी पहिली मीच असायचे.

उदगीरकर
मला अंधश्रद्धेचं एवढं वाटत नाही, माझं दुखणं वेगळंच आहे. हे अर्धे देवदूत म्हणजे नेफिलिम, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात सहाव्या अध्यायात त्यांचा उल्लेख आहे, म्हणजे त्यांनी आपलं जुनं उचलून नवीन पोरांसाठी लिहिलं. मग आपण का नाही लिहीत? घटोत्कच घ्या, आई हिडिंबा राक्षसी, बाप भीम, आणि शेवटी पांडवांसाठीच मेला. माळेगावच्या यात्रेत लहानपणी आजोबा मणी-मल्लाची गोष्ट सांगायचे, की मणी मरताना देवाला शरण गेला, आपला पांढरा घोडा दिला आणि देवळात जागा मागितली, आणि देवानं ती दिली बरं का, मल्लाचं तर नावच देवानं आपल्या नावाला लावून घेतलं, मल्हारी. मारलेल्या दैत्यालासुद्धा नमस्कार करणारी माणसं आपण, आणि आपल्या पोरांनी राक्षस दिसला की काप असलं वाचायचं? मला हे बारकं नुकसान वाटत नाही.

लातूरची मावशी
उदगीरकर दादा, मणीचं तुम्ही इतकं छान लिहिलंत की मी भाचीला वाचून दाखवलं, ती म्हणली मावशी हे तर मॅग्नससारखं आहे. त्या पुस्तकात नुसतं कापाकापी नाही हो. मॅग्नस बेन म्हणून एक मांत्रिक आहे, त्याच्या अंगात राक्षसाचं रक्त आहे तरी तो मदतीला धावतो, आणि खरा वैरी व्हॅलेंटाईन, तो तर शिकाऱ्यांच्याच कुळातला, ज्यांचं रक्त शुद्ध नाही त्यांना संपवायला निघालेला. अकरावीच्या पोरीला एवढं कळायलं तर अजून काय पाहिजे? आणि मराठीत असलं कुणी लिहिलं तर पहिली प्रत मीच घेईन, पण तोवर तिनं काहीच वाचू नये का?

परभणीचे मास्तर
मॅग्नसचं माहीत नव्हतं. तरी सहावी-सातवीच्या पोराला मी हे देणार नाही, जवळ बसून बोलणारं कुणी असल्याशिवाय तर नाहीच. तुमच्या भाचीजवळ तुम्ही आहात, सगळ्यांजवळ मावशी नसती. दाजींना मात्र एवढं सांगा की फोन काढून घेण्याआधी पोरीला विचारायला पाहिजे होतं, काय वाचायलीस आणि का.

लातूरची मावशी
सांगते सर. येत्या रविवारी येणार आहेत, पहिली वीस पानं मीच त्यांना मराठीत सांगणार आहे. फोन अजून त्यांच्याकडंच आहे.