मायोर्कात गर्दी आहे, पण डोंगरात नाही

"मायोर्का म्हणजे फक्त किनाऱ्यावरची जत्रा, चालायला कोण जातं तिथे" असं स्पेनच्या या बेटाबद्दल कुणीतरी म्हटलंय. जत्रा आहेच, वाद नाही. २०२४ मध्ये राजधानी पाल्मातल्या लोकांनी पर्यटकांच्या लोंढ्याविरुद्ध मोर्चेही काढले. पण ती गर्दी बहुतेक वाळूवरच पसरलेली असते. वायव्येकडची त्रामुंताना डोंगररांग (२०११ पासून जागतिक वारसा) वेगळीच आहे.

आम्ही दोघं एप्रिलमध्ये गेलो होतो. सराव बडोद्याजवळच्या पावागढ डोंगराच्या पायऱ्यांचा! पाल्माहून लाकडी डब्यांची, १९१२ पासून धावणारी आगगाडी याच डोंगरांतल्या सोयेर गावाला जाते. ती मात्र पर्यटकांनी खच्चून भरलेली. बसने गेलात तरी चालेल. शेजारच्या बिनियाराश गावातून घळीतली जुनी फरसबंद वाट वर चढते. दोन्ही अंगांना चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध आणि त्यांवर ऑलिव्हची झाडं. उतरताना हेच दगड गुडघ्यांची परीक्षा घेतात, काठी हवीच. आमच्या सौभाग्यवतींनी "नको ती म्हाताऱ्यांची थेरं" म्हणून काठी हॉटेलवर ठेवली, मग अर्ध्या वाटेत माझी घेतली.

जीआर २२१ ही त्रामुंतानातली लांबची पायवाट टप्प्याटप्प्याने करायची तर वाटेवरच्या निवाऱ्यांचं आरक्षण आधी करा. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आपल्या बडोद्याची आठवण करून देतं.

शाकाहारींसाठी: पाव, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, म्हणजे 'पा अंब ओली'. हॅम नको हे आधीच सांगा. थेपले नेले होते, तिसऱ्या दिवशी संपले.