रविवारच्या सूपची दाशी (सूपचं मूळ चवदार पाणी) कोण करणार? उत्तर आजच हवं

मंजिरी:
मंडळी, हॉलची किल्ली शनिवारी संध्याकाळी मिळतेय, म्हणून यादी आज बंद करते. पालकाचं गोमा-आए (तिळाच्या कुटातलं), कमळकाकडीचं किन्पिरा (परतलेली भाजी), इनारी (टोफूच्या पिशवीतला भात), सगळं वाटून झालंय. केनचिनजिरू, म्हणजे भाज्या-टोफूचं सूप, तेवढं अधांतरी आहे. केदार म्हणतो "पुडीची दाशी आणतो". केदार, त्या पुडीत कात्सुओ असतो, म्हणजे मासा. चोनाईकाईच्या (इथल्या जपानी मोहल्ला-मंडळाच्या) आज्या येणार आहेत आणि पत्रकावर आपण ठळक 'शोजिन' (बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण) छापलंय. कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) कोण भिजवतंय?

केदार:
मागच्या वेळी कोणीच काही आणलं नव्हतं म्हणून मी पुढे झालो. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या चौकटीत माशाचं नाव नाही, फक्त गहू आणि दूध. फोटो जोडलाय.

सुनीताताई:
केदार, त्या चौकटीवर जाऊ नकोस. तिथे अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड अशी ठरावीक नावं सक्तीची. कात्सुओ त्यात बसतच नाही. घटकांची बारीक अक्षरांतली यादी वाच. हिरागाना लिपीत 'का-त्सु-ओ' दिसेल, नाहीतर डावीकडे माशाची खूण असलेलं कांजी (चित्राक्षर). मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) डब्यावर 'दाशी-इरी' (दाशी घातलेला) असेल तर तोही परत ठेव.
आणि इनारी कोण करतंय? आबुरा-आगेच्या (तळलेल्या टोफूच्या) तयार गोड पिशव्या आणणार असाल तर त्यांचीही यादी वाचा. बऱ्याचदा दाशी तिथेच लपलेली असते.

विकास:
एवढं कशाला? पाण्यात भाज्या शिजवा, वरून लसणाची चरचरीत फोडणी द्या. आज्या खूश होतील.

नाना:
विकास, शोजिनमध्ये कांदा-लसूण वर्ज्य. आपल्या चातुर्मासासारखंच समज. केनचिनजिरू कामाकुराच्या केनचोजी मठातलं मानतात. भाज्या तिळाच्या तेलावर परतायच्या आणि टोफू सुरीने न कापता हाताने कुस्करून घालायचा. तेवढं केलं तरी चव येते.
कोम्बूचं अवघड काही नाही. लिटरला 10 ग्रॅम, ओल्या फडक्याने पुसून (वरची पांढरी पूड धुऊन घालवायची नाही) थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. सुके शिताके (मशरूम) वेगळ्या भांड्यात, तेही थंड पाण्यातच. 1908 साली रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी उमामी या चवीचा शोध लावला तो कोम्बूच्याच पाण्यातून. मग पुडी हवीच कशाला?

हेतल:
नाना, चातुर्मासाचं म्हणालात म्हणून विचारते. आमच्या घरचे कंदमुळं खात नाहीत. केनचिनजिरूत गाजर, मुळा, गोबो (एक लांब मूळ), सातोइमो (अरवी). कोन्याकू (जेलीसारखे तुकडे) सुद्धा कंदाचंच. शिताकेही नको. म्हणजे आमच्या वाटीत टोफू आणि पाणी?

मंजिरी:
हेतल, तुमच्यासाठी साध्या कोम्बूच्या पाण्यात टोफू आणि पालक, वेगळ्या पातेल्यात. डावही वेगळा, मी स्वतः बघते.

सुनीताताई:
पातेल्यावरून आठवलं. मोठं पातेलं माझ्याकडे आहे, पण दिवाळीनंतर ते कसं परत आलं हे सगळ्यांना माहीत आहे. न विचारता कोणी न्यायचं नाही.

शुभदा:
मुलांना आधीच सांगून ठेवा: भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात इथे मृतापुढे ठेवतात. आणि चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर घास द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. गेल्या वेळी आमच्या धाकट्याने दोन्ही केलं. आजी हसल्या, पण त्यांच्या सूनबाई हसल्या नाहीत.

नाना:
शुभदा, ताटाचंही बघ. भात डावीकडे, सूप उजवीकडे. आपल्या काकू डावीकडे चटणी-कोशिंबीर मांडून मोकळ्या होतात आणि भाताला जागाच उरत नाही.

विकास:
आणि वाटी उचलून तोंडाला लावायची! घरी आईने याच गोष्टीसाठी किती धपाटे घातले, इथे मात्र तेच रीतीचं.

शुभदा:
विकास, सूप. भुरके मारत भात नव्हे.

केदार:
बरं, कोम्बू मी भिजवतो. पण आमचा फ्रीज लहान आहे आणि हॉलच्या फ्रीजला कुलूप असतं. 12 लिटर कुठे ठेवू?

नाना:
भिजवायची गरजच नाही. सकाळी 60 अंशांच्या आसपास तासभर ठेव. थर्मामीटर माझ्याकडे आहे.

केदार:
मग रिशिरी कोम्बू आणू की हिदाका?

मंजिरी:
हिदाका. रिशिरीचे पैसे मंडळ देणार नाही. आणि काढलेला कोम्बू फेकू नका, डबा घेऊन येते, त्याचं त्सुकुदानी (सोया सॉसमध्ये आटवलेलं तोंडीलावणं) करायचंय. यादी बंद.

सुनीताताई:
पातेल्याचं अजून कोणी विचारलेलं नाही.