मदत हवी आहे: आई-बाबांसाठी लॉन बोल्स की क्रोके? (लेमिंग्टन स्पा, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही लेमिंग्टन स्पाजवळ राहतो. माझे आई-बाबा एप्रिलच्या मध्यावर सांगलीहून येतायत, सप्टेंबरपर्यंत राहतील. इथल्या बोल्स आणि क्रोके क्लबांचा हिरवळीवरचा हंगामही साधारण तेवढाच असतो, म्हणून आत्ताच विचारतेय. (बोल्स म्हणजे जड चेंडू, त्यालाच 'बोल' म्हणतात, घरंगळत सोडून छोट्या चेंडूच्या जवळ नेण्याचा खेळ. क्रोके म्हणजे लांब दांड्याच्या हातोड्याने, मॅलेटने, चेंडू मारून कमानींतून पार करण्याचा.)

बाबा ७२ वर्षांचे आहेत, उजवा गुडघा बदललेला. चालणं उत्तम, पण खाली वाकून उठताना त्रास होतो. सांगलीत सकाळी कृष्णेच्या घाटावर फेरी आणि संध्याकाळी मित्रांचा कट्टा ठरलेला. मागच्या खेपेला आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत आणि ते दोघं दिवसभर घरात. बाबा तोंडाने काही बोलले नाहीत, पण परतीची तारीख अलीकडे आणता येईल का, हे हळूच जावयाला विचारलं. मला ते फार लागलं. शनिवार-रविवारी आम्ही फिरवतो ते ठीक, पण आठवड्यात त्यांची स्वतःची अशी एक जागा हवी, जिथे ते गेले नाहीत तर कोणीतरी चौकशी करेल.

बोल्स डोक्यात यायला कारण आहे. २ ऑगस्ट २०२२ ला लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, ते आमच्या इथल्या व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळीवर. या खेळातलं भारताचं ते पहिलंच पदक. बाबांनी सामना टीव्हीवर पाहिला आणि लगेच फोन केला, "अगं, हे तुझ्याच गावात ना?"

आता प्रश्न. गुडघ्याला हा खेळ झेपेल का? की क्रोके बरं? पाच-सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला क्लब घेतात का? आणि आईलाही बरोबर खेळता यावं, तिने बाकावर बसून बघत राहावं असं मला नको आहे. बाबांचं इंग्रजी पुस्तकी आणि सावकाश आहे, तेही सांगून ठेवते.

प्रतिसाद १

ताई, मी काही वर्षं बोल्स खेळतोय. गुडघ्याची काळजी करू नका. 'बोलिंग आर्म' नावाची काठी मिळते, तिच्या टोकाच्या पकडीत बोल धरायचा आणि उभ्याउभ्या सोडायचा. आमच्याकडे बरेच ज्येष्ठ तसंच खेळतात आणि सामन्यांतही ते चालतं.

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. बोल वेगवेगळ्या मापांचे असतात आणि हातात नीट बसणारा निवडावा लागतो, तो क्लबमध्येच वापरून बघा. फक्त सपाट, गुळगुळीत तळव्याचे बूट हवेत, टाचेने हिरवळ खराब होते. पांढऱ्या कपड्यांचा आग्रह सरावाला सहसा नसतो.

बाबांना एक गोष्ट आधीच सांगा. बोल पूर्ण गोल नसतो, वेग मंदावला की एका अंगाला वळतो. त्याच्या दोन बाजूंना चिन्हं असतात, लहान चिन्ह ज्या बाजूला तिकडे तो वळणार. म्हणून 'जॅक'वर, म्हणजे त्या छोट्या चेंडूवर, सरळ नेम धरायचा नाही. बाहेरून सोडायचा आणि तो आत येतो. हे एकदा हाताला कळलं की माणूस खेळ सोडत नाही.

तुमच्या भागात क्राउन ग्रीनही खेळतात. तिथे हिरवळ मधे उंच असते आणि जॅकसुद्धा वळतो. नवशिक्यांनी सपाट हिरवळीचा क्लब धरावा असं माझं मत.

प्रतिसाद २

मी क्रोकेची बाजू मांडते. माझे सासरे-सासूबाई दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे असतात, तेव्हा खेळतात. फटका उभ्यानेच मारायचा, त्यामुळे वाकणं जवळजवळ नाहीच. पण 'गोल्फ क्रोके'च मागा. जुना असोसिएशन प्रकार डोक्याला खुराक असला तरी त्यात समोरच्याची पाळी लांबली की बराच वेळ बाजूला बसावं लागतं. गोल्फ क्रोकेत प्रत्येकाला एकच फटका, मग पुढचा. चेंडूंचा क्रम निळा, लाल, काळा, पिवळा. निळा-काळा एका बाजूचे, लाल-पिवळा दुसऱ्या. सगळे एकाच कमानीच्या मागे असतात, ज्याचा चेंडू आधी पार होईल त्याला गुण आणि सगळे पुढच्या कमानीकडे. बहुतेक डाव एका बाजूचे सात गुण झाले की संपतो.

कमान चेंडूपेक्षा जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे ताकदीला काही किंमत नाही. समोरच्याचा चेंडू उडवायचा असतो, तिथे लहानपणी गोट्या खेळलेली माणसं चमकतात. बायका-पुरुष बरोबरीने खेळतात, आई-बाबांची जोडीच लावा. मॅलेट क्लब देतो.

सदस्यत्वाचं म्हणाल तर सेक्रेटरीला सरळ लिहा की पाहुणे अमुक महिन्यांपुरते आहेत. आमच्या क्लबने पहिल्या वर्षी नवशिक्यांची सवलतीची फी घेतली. हंगामाच्या सुरुवातीला ओपन डे, म्हणजे नवख्यांना येऊन खेळून बघण्याचा दिवस, असतो, त्या दिवशी दोघांना घेऊनच जा. भाषेचं मनावर घेऊ नका, चहाच्या वेळी सगळे आपणहून बोलायला येतात. आमचे सासरे अजून तिथल्या दोघांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बोलिंग आर्मचं बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी लगेच काठीची लांबी किती ते विचारलं! दोन्ही क्लबांना आज ईमेल करते आणि दोन्हीकडचे ओपन डे गाठते, निवड त्यांची ते करतील.

आता एकच उरलं. आई साडीच नेसते आणि पंजाबी ड्रेस तिला नको आहे. एवढ्यावरून तिने खेळणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. साडी नेसून बोल्स किंवा क्रोके खेळलेलं कोणी असेल तर पदर आणि निऱ्यांचं काय केलं, आणि पायात काय घातलं, ते कृपया लिहा.